शेतकऱ्यांचा व्हॉट्‌सॲप ग्रुप : सभासदत्व व गोपनीयतेचे नियम

शेतीविषयक माहिती गावापर्यंत पोहोचविण्याची साधने काळाप्रमाणे बदलत आली आहेत. १९५६ साली तत्कालीन मुंबई राज्यात, पुणे आकाशवाणी केंद्राच्या कक्षेतील सुमारे १५० गावांत, युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग करण्यात आला होता. गावातील मोजके लोक ठरलेल्या दिवशी एकत्र बसून रेडिओवरील कार्यक्रम ऐकत व त्यावर चर्चा करीत. प्रत्येक मंडळास अध्यक्ष व निमंत्रक असे आणि सभासद कोण हे सर्वांस ठाऊक असे. आपण कोणापुढे बोलत आहोत हे बोलणारास समोर दिसत असे.

आज तेच काम पुष्कळशा गावांत व्हॉट्‌सॲप ग्रुप करीत आहे. हवामानाचा अंदाज, बाजारभाव, किडीचा प्रादुर्भाव, योजनांच्या मुदती या साऱ्या गोष्टी काही क्षणांत शेकडो शेतकऱ्यांच्या हाती पडतात. ही सोय मोठी आहे. परंतु श्रोतृमंडळास जी शिस्त होती ती या ग्रुपांत सहसा आढळत नाही. कोणीतरी ग्रुप काढतो, ओळखीचे क्रमांक त्यात घालतो आणि पुढे कोण आला, कोण गेला याची नोंद राहत नाही. अशा ग्रुपाला नियम कोणते असावेत आणि ते कसे ठरवावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लेखात ‘गट’ हा शब्द शेतकऱ्यांच्या प्रत्यक्ष संघटनेसाठी व ‘ग्रुप’ हा शब्द फोनवरील मंडळासाठी वापरला आहे.

ग्रुपमध्ये कोणास काय दिसते?

नियम करण्यापूर्वी साधनाचा स्वभाव समजून घ्यावयास हवा. व्हॉट्‌सॲप ग्रुपमध्ये एका वेळी १०२४ पर्यंत सभासद घेता येतात. ग्रुपमध्ये आलेल्या प्रत्येकाचा मोबाईल क्रमांक इतर सर्व सभासदांना दिसतो. सभासदाने तशी मुभा ठेवली असल्यास त्याचे छायाचित्रही दिसते. ग्रुपवर टाकलेला मजकूर, छायाचित्र वा कागद कोणताही सभासद उतरवून घेऊ शकतो, पुढे पाठवू शकतो किंवा त्याचा स्क्रीनशॉट काढू शकतो.

व्हॉट्‌सॲपवरील संदेश सांकेतिक रूपात जातात, वाटेत कोणास वाचता येत नाहीत, असे सांगितले जाते व ते खरे आहे. परंतु ही सुरक्षितता वाटेपुरतीच असते. संदेश ज्याच्या हाती पोहोचला त्याच्या विवेकावर पुढचे सारे अवलंबून राहते. कणगीचे झाकण कितीही घट्ट असले तरी किल्ली शंभर जणांपाशी असेल तर धान्याची हमी कोण देणार? म्हणून गोपनीयतेचा प्रश्न हा मुळात सभासदत्वाचा प्रश्न आहे. आत कोणास घ्यावयाचे हे नीट ठरले म्हणजे निम्मे काम होते.

प्रथम उद्देश ठरवावा

एकाच ग्रुपात सर्व कामे करू पाहणे हे बहुतेक गोंधळाचे मूळ होय. कामाप्रमाणे ग्रुपांचे तीन प्रकार पडतात व प्रत्येकाचे नियम निराळे असतात.

पहिला प्रकार सूचनांचा. हवामान, पीक विम्याची मुदत, पाण्याच्या पाळ्या, शिबिराची तारीख इत्यादी मजकूर कोणीही वाचला तरी हानी नाही. येथे सभासदत्व खुले ठेवावे, मात्र संदेश पाठविण्याचा अधिकार केवळ ॲडमिनकडे ठेवावा. अशी सोय ग्रुपच्या सेटिंगमध्ये आहे. सभासदांचे क्रमांक एकमेकांस दिसू नयेत असे वाटत असेल तर ग्रुपऐवजी व्हॉट्‌सॲपचे चॅनेल काढावे. त्यात अनुयायांचे क्रमांक एकमेकांस दिसत नाहीत. लहान संख्येसाठी ब्रॉडकास्ट यादीही चालते. तीत एका वेळी २५६ जणांस संदेश जातो, परंतु ज्यांनी पाठविणाऱ्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठविला आहे त्यांनाच तो पोहोचतो, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रकार चर्चेचा. पिकावरील रोगाचे छायाचित्र टाकणे, वाणांचा अनुभव सांगणे, अवजार भाड्याने मिळेल काय अशी विचारणा करणे, हे येथे होते. येथे सर्वांना बोलता आले पाहिजे; म्हणून सभासद परिचित व मर्यादित असावेत.

तिसरा प्रकार व्यवहाराचा. सामुदायिक खरेदी, सामुदायिक विक्री, गटाची वर्गणी, कर्जाचे हप्ते हे विषय येथे येतात. याचे सभासदत्व सर्वांत काटेकोर असावे. गटाच्या नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच या ग्रुपमध्ये असावा.

काटेकोरपणा कशासाठी, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका गटातील ३० शेतकऱ्यांच्या चाळीत प्रत्येकी १०० क्विंटल कांदा आहे. सर्व मिळून ३००० क्विंटल माल एकाच वेळी दाखवून भाव ठरवावा असा गटाचा विचार आहे. ग्रुपवर चर्चा सुरू होते. एकजण लिहितो की मुलीचे लग्न तोंडावर आल्याने आपणास आठवड्याच्या आत पैसे हवेत; दुसरा लिहितो की चाळीतील कांद्याला मोड येऊ लागले आहेत. त्याच ग्रुपमध्ये खरेदीदाराचा माणूसही असेल तर त्यास दोन गोष्टी बसल्या जागी कळतात : माल किती आहे आणि निकड कोणास आहे. त्याने क्विंटलमागे १०० रुपये जरी कमी देऊ केले तरी गटाचे ३ लाख रुपये जातात. यात व्यापाऱ्याचा दोष नाही. मिळालेल्या माहितीचा उपयोग तो करणारच. दोष आहे तो दार उघडे ठेवणाऱ्यांचा.

सभासद कोण असावा?

पुष्कळ गटांत ‘ज्याच्या नावे सातबारा तो सभासद’ असा सरळ नियम करण्याकडे कल असतो. हा नियम सोपा आहे, परंतु न्याय्य नाही. बटईने वा खंडाने शेती कसणाऱ्याच्या नावे सातबारा नसतो. शेतात दिवसभर राबणाऱ्या अनेक स्त्रियांच्या नावे जमीन नसते. ज्यास सर्वांत अधिक माहितीची गरज, तोच अशा नियमाने बाहेर राहतो. यास्तव ‘गावाच्या शिवारात जो प्रत्यक्ष शेती कसतो, मग जमीन कोणाच्याही नावे असो’ ही कसोटी चर्चेच्या ग्रुपसाठी अधिक योग्य होय.

स्त्री-सभासदांचा विचार स्वतंत्रपणे करावा. घरातील पुरुषाचा क्रमांक घेतला म्हणजे त्या घरातील स्त्री सभासद झाली असे समजू नये. तिची इच्छा असल्यास तिचा स्वतःचा क्रमांक घ्यावा. त्याचबरोबर, क्रमांक सर्वांस दिसत असल्याने अनोळखी माणसे अवेळी संदेश वा फोन करू लागतात, असा त्रास स्त्रियांना विशेष होतो. मग ती तक्रार न करता ग्रुप सोडून जाते आणि गटास त्याचे कारणही कळत नाही. ग्रुपमधून मिळालेला क्रमांक शेतीबाह्य कामासाठी वापरणे हे सभासदत्व रद्द होण्याचे कारण आहे, असे नियमातच लिहावे आणि ॲडमिनांपैकी निदान एक स्त्री असावी, म्हणजे तक्रार सांगण्यास जागा राहते.

कृषी सेवा केंद्राचे चालक, बियाणे व खतांच्या कंपन्यांचे प्रतिनिधी आणि खरेदीदार यांना सूचनांच्या ग्रुपमध्ये येण्यास हरकत नाही. चर्चेच्या ग्रुपमध्ये घ्यावयाचे झाल्यास त्यांनी आपल्या नावापुढे आपला व्यवसाय लिहावा, म्हणजे सल्ला कोण देत आहे हे वाचणारास कळेल. व्यवहाराच्या ग्रुपमध्ये मात्र त्यांना स्थान नसावे. गावपातळीवरील सरकारी कर्मचाऱ्यासही हेच लागू आहे. तांत्रिक चर्चेसाठी त्याने ग्रुपमध्ये असावे. गटाच्या पैशाच्या व विक्रीच्या चर्चेत त्याची उपस्थिती आवश्यक नाही.

प्रवेशाची रीत

आमंत्रणाची लिंक सोयीची असते, परंतु ती एकदा बाहेर गेली की कोणाच्या हाती पडेल हे सांगता येत नाही. म्हणून लिंक देताना ‘नव्या सभासदास ॲडमिनची मान्यता आवश्यक’ ही सोय चालू ठेवावी. भरती पूर्ण झाल्यावर लिंक रीसेट करावी, म्हणजे जुनी लिंक निरुपयोगी होते. सभासद जोडण्याचा अधिकारही केवळ ॲडमिनकडे ठेवावा.

कोणासही न विचारता ग्रुपमध्ये घालू नये. आधी भेटून वा फोन करून ग्रुपचा उद्देश सांगावा, क्रमांक सर्वांना दिसेल हे स्पष्ट करावे आणि होकार मिळाल्यावरच जोडावे. आपणास कोणी परस्पर ग्रुपात घालू नये असे ज्यास वाटते त्याने फोनमधील गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘ग्रुप’ या ठिकाणी ‘सर्वजण’ऐवजी ‘माझे संपर्क’ हा पर्याय निवडावा. ही सोय २०१९ पासून उपलब्ध आहे.

दर हंगामाच्या आरंभी सभासदांची यादी गटाच्या नोंदवहीशी ताडून पाहावी. बंद पडलेले क्रमांक, गाव सोडून गेलेले सभासद आणि कोणास ओळखू न येणारे क्रमांक काढून टाकावेत.

ग्रुपवर काय टाकू नये?

आधार क्रमांक, बँक खात्याचा क्रमांक, पासबुकाच्या पहिल्या पानाचे छायाचित्र, ओटीपी, शेतकरी ओळख क्रमांक आणि कर्जाच्या थकबाकीचा तपशील ग्रुपवर कदापि टाकू नये. कागद मागविण्याची वेळ आल्यास कर्मचाऱ्याने वा गटाच्या सचिवाने तो व्यक्तिशः घ्यावा. आधारची प्रत द्यावयाची असेल आणि पूर्ण क्रमांकाची गरज नसेल तर केवळ शेवटचे चार अंक दिसणारी, ‘मास्क्ड’ म्हणून ओळखली जाणारी प्रत द्यावी. लाभार्थ्यांची यादी ग्रुपवर प्रसिद्ध करणे आवश्यकच असेल तर तीत नाव व अर्जाचा क्रमांक यांपलीकडे काही ठेवू नये.

येथे एक आक्षेप घेतला जातो. सातबारा उतारा तर संकेतस्थळावर कोणासही पाहता येतो. मग लपविण्यासारखे राहिले काय? याचे उत्तर असे की, अभिलेख पाहावयास मिळणे वेगळे आणि एखाद्याच्या जमिनीवरील बोजा शंभर शेजाऱ्यांपुढे मांडणे वेगळे. पहिल्यात कारभाराची पारदर्शकता आहे, दुसऱ्यात माणसाची मानहानी आहे. वर्गणी वा हप्ता थकलेल्या सभासदांची नावे ग्रुपवर टाकण्याची पद्धत याच कारणासाठी बंद करावी. वसुलीसाठी गटाची सभा आहे.

दुसऱ्याच्या शेताचे वा शेतात काम करणाऱ्या स्त्रियांचे छायाचित्रही त्यांच्या परवानगीवाचून टाकू नये.

अफवा, बनावट फायली व चुकीचे सल्ले

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेमुळे जमावाने पाच निरपराध भटक्यांची हत्या केली. अशा अफवा त्या काळात फोनवरून सर्वत्र फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्‌सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली आणि एप्रिल २०२० पासून पुष्कळदा पुढे पाठविला गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. परंतु यंत्राची मर्यादा माणसाच्या विवेकाची जागा घेऊ शकत नाही. मुले, धर्म, जात वा चोर यांविषयीचा कोणताही पुढे पाठविलेला संदेश शेतीच्या ग्रुपवर येऊच नये, असा नियम ठेवणे श्रेयस्कर.

दुसरा धोका बनावट फायलींचा. ‘पी. एम. किसान’सारख्या योजनेच्या नावाने, शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असलेली फाइल ग्रुपवर येते. ती उघडून फोनमध्ये घेतल्यास फोनवरील संदेश व ओटीपी परक्याच्या हाती जातात आणि खाते रिकामे होऊ शकते. बहुधा ज्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो अशा ओळखीच्याच माणसाकडून ती फाइल आलेली असते, म्हणून लोक विश्वास ठेवतात. कोणतेही सरकारी ॲप फोनच्या अधिकृत ॲप-दुकानातूनच घ्यावे. ग्रुपवर अशी फाइल दिसताच ॲडमिनने ती सर्वांसाठी पुसून टाकावी व ‘उघडू नये’ असा इशारा द्यावा. पैसे गेल्याचे ध्यानात येताच विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे व बँकेसही कळवावे. जितके लवकर कळविले जाईल तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक.

तिसरा धोका चुकीच्या सल्ल्याचा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेचा फोनशी संबंध जोडण्याचा येथे हेतू नाही. परंतु कीटकनाशक हे किती जपून हाताळण्याचे द्रव्य आहे, हे तीवरून दिसते. ग्रुपवर ‘अमुक दोन औषधे एकत्र करून मारा’ असे लिहिणे सोपे असते. म्हणून औषधाचा सल्ला देताना पीक, कीड व प्रमाण लिहावे, ते औषधाच्या लेबलाशी ताडून पाहावे आणि दोन औषधांच्या मिश्रणाची शिफारस ग्रुपवर करू नये.

ॲडमिनची जबाबदारी व कायदा

सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ॲडमिनला शिक्षा होईल काय, ही भीती अनेकांना वाटते. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका प्रकरणात असे म्हटले की, ॲडमिन व सभासद यांचा समान हेतू वा पूर्वनियोजित बेत असल्याचे दिसून आल्यावाचून सभासदाच्या मजकुराबद्दल केवळ ॲडमिन म्हणून कोणास दोषी धरता येत नाही. तथापि कायद्याने सुटका झाली म्हणून कर्तव्यातून सुटका होत नाही. वाईट मजकूर पुसण्याचा व सभासदास काढण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे त्याने तो वेळेवर वापरला पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अंमलात यावयाच्या आहेत. व्यक्तीने निव्वळ घरगुती वा खासगी कारणासाठी ठेवलेल्या माहितीस हा कायदा लागू नाही. परंतु शेतकरी उत्पादक कंपनी वा सहकारी संस्था सभासदांची माहिती फोनवर व संगणकावर गोळा करीत असेल तर माहिती कशासाठी हवी हे सांगणे, संमती घेणे व माहिती जपणे यांची सवय तिने आताच लावून घ्यावी.

ॲडमिन एकच नसावा. त्याचा फोन हरवला, बिघडला वा परक्याच्या ताब्यात गेला तर सारा ग्रुप अडचणीत येतो. तीन ॲडमिन असावेत आणि तिघांनीही आपल्या व्हॉट्‌सॲपवर सहा अंकी पिनची दुहेरी पडताळणी चालू करून घ्यावी. अधिक ॲडमिनही बरे नव्हेत, कारण जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

सभासदास काढताना रागाच्या भरात काढू नये. गावात उद्या तोंडाला तोंड द्यावयाचे असते. प्रथम व्यक्तिशः समज द्यावी. पुन्हा तसेच घडल्यास दोन ॲडमिनांनी एकमताने काढावे व कारण त्यास कळवावे. त्यास गटाच्या सभेपुढे दाद मागता यावी. अपवाद फक्त बनावट फाइल, अश्लील मजकूर व चिथावणीचा. अशा वेळी प्रथम काढावे व मग चौकशी करावी, कारण विलंबाने इतरांची हानी होते. फोन परक्याच्या ताब्यात गेल्यामुळे संदेश गेला असल्यास फोन दुरुस्त झाल्यावर त्या सभासदास सन्मानाने परत घ्यावे.

नमुना नियमावली

चर्चेच्या ग्रुपसाठी पुढील नियमांचा नमुना उपयोगी पडेल. गावाच्या गरजेप्रमाणे त्यात फेरफार करावेत.

१. हा ग्रुप आपल्या शिवारातील शेतीविषयक चर्चेसाठी आहे. राजकारण, धर्म, शुभेच्छा व करमणूक यांसाठी नाही.

२. शिवारात प्रत्यक्ष शेती कसणाऱ्या कोणाही स्त्री-पुरुषास सभासद होता येईल. जमीन स्वतःच्या नावे असण्याची अट नाही.

३. नव्या सभासदाची ओळख एका जुन्या सभासदाने द्यावी. त्याची संमती घेऊनच ॲडमिन त्यास जोडतील.

४. प्रत्येक सभासदाने आपले खरे नाव ठेवावे. विक्रेत्यांनी व खरेदीदारांनी नावापुढे व्यवसाय लिहावा.

५. कोणाचेही आधार, बँक वा कर्जविषयक कागद ग्रुपवर टाकू नयेत.

६. ग्रुपमधील क्रमांक व मजकूर सभासदाच्या परवानगीवाचून बाहेर देऊ नये.

७. सभासदास खासगी संदेश वा फोन फक्त शेतीच्या कामासाठी करावा. त्रास झाल्यास कोणत्याही ॲडमिनकडे तक्रार करता येईल. तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त राहील.

८. कोणतीही एपीके फाइल टाकू नये व उघडू नये.

९. औषधाचा सल्ला लेबलाशी ताडूनच द्यावा.

१०. रात्री ९ ते सकाळी ६ पर्यंत संदेश टाकू नयेत. गारपीट, पूर, आग वा विजेचा धोका असल्यास अपवाद.

११. ॲडमिन तीन असतील, पैकी एक स्त्री. त्यांची निवड दर वर्षी गटाच्या सभेत होईल.

१२. ग्रुपवर कोणताही ठराव होणार नाही. निर्णय सभेतच होतील.

शेवटच्या नियमाचे महत्त्व विशेष आहे. ज्याच्यापाशी स्मार्टफोन नाही, ज्याचा रिचार्ज संपला आहे, ज्यास वाचता येत नाही, तोही गटाचा पूर्ण सभासद आहे. निर्णय ग्रुपवर होऊ लागले की असा सभासद नकळत गटाबाहेर पडतो. म्हणून महत्त्वाची प्रत्येक सूचना ग्रुपबरोबरच फलकावर लिहावी व शक्य तेथे तोंडी कळवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे?

नियम वरून लादू नयेत. गटाच्या एका सभेत प्रस्तुत नमुना मोठ्याने वाचून दाखवावा, प्रत्येक नियमामागचे कारण सांगावे व चर्चा होऊ द्यावी. जे नियम सर्वांना मान्य होतील तेवढेच नोंदवहीत लिहून त्याखाली सभासदांच्या सह्या वा अंगठे घ्यावेत. त्यांची प्रत ग्रुपच्या वर्णनात ठेवावी, म्हणजे नव्या सभासदास प्रवेश करतानाच ती वाचता येईल. त्याच सभेत उपस्थितांच्या फोनमधील गोपनीयतेची सेटिंग हाताने करून दाखवावी. एका माणसास पाच मिनिटे लागतात आणि ऐकण्यापेक्षा करून पाहिलेले अधिक ध्यानात राहते.

जुना ग्रुप हाताबाहेर गेला असेल, आत कोण आहे हेच कळेनासे झाले असेल, तर त्याची दुरुस्ती करीत बसण्यापेक्षा तो केवळ सूचनांसाठी ठेवावा व नव्या नियमांनी दुसरा ग्रुप उघडावा. खरिपाच्या पेरणीपूर्वी मशागतीच्या दिवसांत हे काम उरकून घेतल्यास पुढे हंगामाच्या घाईत ग्रुप खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल.